उत्तर माहीत नसलं तरी डोकं चालवता आलं पाहिजे: गणपतीतल्या क्विझचे प्रश्न कसे काढायचे

प्रश्न थोडक्यात असा आलाय: इंदिरानगरमधल्या एका सोसायटीत गणपतीत जनरल नॉलेजची क्विझ ठेवायचीय, खेळ, कला, विज्ञान, इतिहास, निसर्ग सगळं मिळून ४० प्रश्न, समोर आठ वर्षांच्या पोरांपासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे. मागच्या वर्षी नेटवरून प्रश्न उतरवले तर तीन ठिकाणी वाद झाले आणि दुसऱ्या राऊंडनंतर अर्धे लोक उठून गेले. तर प्रश्न आणायचे कुठून आणि काढायचे कसे?

मी नाशिकमध्ये बावीस वर्षं क्विझ घेतेय, शाळांच्या, सोसायट्यांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या, आणि एकदा लासलगावजवळ शेतकऱ्यांच्या गटासाठीही घेतली. जरा लांबणारे हे, सवडीने वाचा.

लोक उठून का जातात ते आधी सांगते. "राजा हरिश्चंद्र कोणत्या साली आला?" असा प्रश्न विचारला की ज्याला माहितीय तो १९१३ म्हणतो आणि बाकीचे एकोणचाळीस जण बघत बसतात, त्यांना करायला काही कामच नाही. असे दहा प्रश्न लागोपाठ आले की माणूस उठणारच. चांगला प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर माहीत नसलेल्यालाही वाट दिसते, तो चार पावलं चालतो, शेजारच्याशी कुजबुजतो, आणि उत्तर ऐकलं की कपाळावर हात मारतो, अरे हे तर सुचायला हवं होतं! बाकी सगळं, म्हणजे राऊंड किती, बझर आहे की नाही, बक्षीस काय, हे नंतरचं.

आता तोच प्रश्न असा विचारून बघा. "त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या एका माणसाने सिनेमा काढायला घेतला, पण त्यातल्या राणीच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार होईना, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या एका पुरुषाला साडी नेसवून राणी केलं. सिनेमा कोणता आणि राणी कोण?" आता आजोबांना त्र्यंबकेश्वर ऐकून फाळके आठवतात, पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक पोरांनी सहलीत बघितलेलं असतं, राणी म्हटल्यावर कुणीतरी तारामती म्हणतं, आणि टीम उत्तरापर्यंत पोचते. माहिती तीच, पण सगळ्यांना हात लावता आला. आणि उत्तर दिल्यावर वरून सांगायचं की तारामती राणी झालेले ते अण्णा साळुंके पुढे १९१७ च्या लंका दहनमध्ये राम पण झाले आणि सीता पण झाले, एकाच सिनेमात. हे ऐकताना आख्खा मांडव गप्प होतो, मी किती वेळा बघितलंय.

पण याच विषयात वाद कुठे होतो तेही बघा. "भारतातला पहिला सिनेमा कोणता" असं विचारलंत की कुणीतरी अभ्यासू माणूस हात वर करणार आणि दादासाहेब तोरण्यांचं श्री पुंडलिक सांगणार, जे १८ मे १९१२ ला मुंबईत कॉरोनेशन थिएटरमध्ये लागलं होतं, म्हणजे राजा हरिश्चंद्रच्या जवळजवळ वर्षभर आधी, आणि थिएटरही तेच. तो माणूस चुकीचा नाहीये. पुंडलिक हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरामन इंग्रज, फिल्म धुतली लंडनला, म्हणून बहुतेक अभ्यासक पहिला मान फाळक्यांना देतात. तेव्हा प्रश्नात "पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट" एवढे शब्द घाला, वाद तिथेच मिटतो. मागच्या वर्षी तुमचे तीन वाद झाले ना, मला खात्री आहे की त्यातले दोन तरी "पहिला", "सर्वात मोठा", "एकमेव" या शब्दांवरून झाले असणार.

पैलवान खाशाबा जाधवांचंही तेच. "भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कुणी मिळवून दिलं" म्हटलं की १९०० च्या पॅरिसचा नॉर्मन प्रिचर्ड मध्ये येतो, त्याची दोन रौप्य आहेत, मग तो भारताचा धरायचा की इंग्लंडचा यावर रात्र जाईल. "स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक" म्हणा, मग खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२, कांस्य, कुणाला बोट दाखवायला जागा नाही. माझा नियम आहे, "पहिला" लिहिलं की लगेच स्वतःला विचारायचं, कशातला पहिला, कधीपासूनचा, आणि कोण म्हणतं. गंगापूर धरण आशियातलं पहिलं मातीचं धरण असं आपल्याकडे बरेच जण सांगतात, मी पण लहानपणी ऐकलंय, पण श्रीलंकेत मातीचे बांध घालून केलेले तलाव दोन हजार वर्षांहून जुने आहेत, मग हे पहिलं कसं? आपल्या गावाचा अभिमान वेगळा आणि उत्तरपत्रिका वेगळी. असा प्रश्न पेपरात घालायचा नाही म्हणजे नाहीच.

हे मी शिकले ते एका मुलीमुळे. बारा-तेरा वर्षं झाली असतील, एका शाळेत आंतरवर्गीय क्विझ होती, मी "भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता" विचारलं आणि हॉकी या उत्तराला दहा गुण दिले. समोरच्या टीममधली नववीतली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, असा कुठलाच खेळ जाहीर केलेला नाही, सरकारनेच सांगितलंय. मी तिला खाली बसवलं, कारण माझ्या कागदावर हॉकी होतं. रात्री घरी येऊन शोधलं तर खरंच, २०१२ मध्ये माहिती अधिकारात कुणीतरी विचारलं होतं आणि क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिलं होतं की कुठलाही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. तिची टीम दहा गुणांनीच हरली होती. मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी शाळेत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की उत्तर तिचं बरोबर होतं, आणि दोन्ही टीमना पहिलं बक्षीस दिलं. तेव्हापासून प्रत्येक प्रश्न दोन स्वतंत्र ठिकाणी तपासल्याशिवाय मी कागदावर घेत नाही, आणि स्वतंत्र म्हणजे खरंच स्वतंत्र, एका वेबसाईटने दुसरीवरून चिकटवलेलं असेल तर ते एकच ठिकाण झालं. राष्ट्रभाषेचंही असंच, घटनेत हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हटलंय, राष्ट्रभाषा हा शब्द तिथे नाही.

आता तुमच्याकडे आठ ते पंचाहत्तर असं वय आहे, त्याला लोक अडचण समजतात, मी म्हणते ही सगळ्यात भारी संधी आहे. टीम करताना प्रत्येकीत एक लहान, एक कॉलेजवयाचं, एक पन्नाशीपुढचं असं घ्या आणि प्रश्नाला दोन दारं ठेवा, एक आजीसाठी आणि एक नातवासाठी. उदाहरण देते. "नाशिकमध्ये जिथे रणजीचे सामने होतात त्या मैदानाला ज्याचं नाव आहे, त्याने २१ डिसेंबर १९०९ ला एका नाट्यगृहात गोळी झाडली. समोर कोण होता आणि त्या रात्री नाटक कोणतं होतं?" पोरं गोल्फ क्लब मैदान म्हणतात, मग त्यांनाच आठवतं की बोर्डावर हुतात्मा अनंत कान्हेरे लिहिलंय. जॅक्सन कलेक्टर मोठ्या माणसांना माहिती असतो. आणि नाटक, ते ज्येष्ठांपैकी कुणीतरी सांगतं, संगीत शारदा, विजयानंद थिएटर. जॅक्सनची बदली झाली होती आणि निरोपाचा तो प्रयोग होता. कान्हेरेंना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली तेव्हा त्यांचं वय अठरा होतं. हे वय मी मुद्दाम शेवटी सांगते आणि समोरच्या बारावीच्या पोरांकडे बघते, त्यांना ते बरोबर पोचतं. इतिहास, नाटक, क्रिकेटचं मैदान तिन्ही एका प्रश्नात आलं, आणि तीन पिढ्यांना एकमेकांची गरज पडली. खेळात असंच खाशाबा आणि नेमबाज स्वप्नील कुसाळे जोडा, १९५२ ते २०२४, महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, एक नाव आजोबांना येतं, एक नातीला.

इतिहासाचा एक प्रश्न मी कसा बांधला ते नीट सांगते, कारण प्रश्न एका बैठकीत होत नाही. मूळ माहिती अशी: १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी, क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हं परत ठोकलेली. माझा पहिला मसुदा होता, "जोगलटेंभीला कोणत्या राजाची नाणी सापडली?" मेलेला प्रश्न. दुसरा मसुदा, "गौतमीपुत्राने कोणाला हरवलं?" हा पण पाठांतराचाच. मग मी त्या नाण्याचा फोटो मोठा करून छापला आणि नुसता बघत बसले. एका बाजूला राजाचा चेहरा, ठळक नाक, आणि त्या गालावरच आडवंतिडवं दुसरं चिन्ह बसलेलं, चेहरा अर्धा दाबला गेलाय पण पुसला गेला नाही. तिथे प्रश्न सापडला. "जुन्या राजाची हजारो नाणी नव्या राजाच्या हाती आली. ती वितळवून नवीन पाडायच्या ऐवजी त्याने जुन्या चेहऱ्यावरच आपलं चिन्ह का ठोकलं असेल?" हा फोटो हातोहात फिरवला आणि दोन मिनिटं दिली. एक मुलगा म्हणाला वितळवायला लाकूड आणि वेळ किती लागेल. एक काकू म्हणाल्या लोकांना कळलं पाहिजे ना की आता सत्ता कुणाची, जुना चेहरा खाली दिसला तर जास्तच कळेल. दोन्ही उत्तरांना मी गुण दिले, कारण दोन्ही पटण्यासारखी आहेत. मग विचारलं राजे कोण, आणि तिसरं, हा विजय नाशिकमध्येच दगडावर कुठे कोरलाय? पांडवलेणी, लेणं क्रमांक ३, गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख, त्यात क्षहरात, म्हणजे नहपानाचं घराणं संपवल्याचं लिहिलंय. आणि नहपानाच्या जावयाचे लेख त्याच डोंगरावर लेणं क्रमांक १० मध्ये. हरलेल्याची आणि जिंकलेल्याची दोघांची आठवण एकाच डोंगरात काही पावलांवर. त्या क्विझनंतरच्या रविवारी काही घरं मिळून पांडवलेणी चढायला गेली, याच्यापेक्षा मोठी पावती मला कुठे मिळणार.

नाण्यांवरून आठवलं, एक प्रेक्षकांचा प्रश्न हमखास ठेवा. सगळ्यांना खिशातून, पर्समधून एक नाणं काढायला सांगा आणि सालाच्या खालचं बारीक चिन्ह बघायला सांगा. चौकोनी हिऱ्यासारखं असेल तर मुंबई टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. पाच मिनिटं आख्खी सोसायटी चष्मे लावून नाणी बघत बसते, पोरं आजोबांची नाणी मोबाईलच्या टॉर्चमध्ये धरतात. त्याला जोडून विचारायचं की मग नाशिकरोडला काय होतं? तिथे नोटा छापतात, १९२८ पासून, त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडमधून छापून यायच्या, आणि इथे पहिल्यांदा छापली ती पाच रुपयांची नोट.

विज्ञानाचे प्रश्न लोक सगळ्यात वाईट काढतात. "जीवनसत्त्व क च्या अभावाने कोणता रोग होतो" वगैरे, पाचवीच्या पुस्तकातून उचललेले. विज्ञानात "कोणता" विचारू नका, "का" विचारा, आणि वस्तू घरातली घ्या. लासलगावजवळच्या त्या गटात मी विचारलं होतं, "अख्खा कांदा नाकाला लावला तरी डोळ्यात पाणी येत नाही, चिरला की येतं, यावरून कांद्याच्या आत काय असलं पाहिजे?" पदराने हात पुसत एक आजी उठल्या, दोन मुठी लांब धरल्या आणि म्हणाल्या, आत दोन वस्तू आहेत, वेगवेगळ्या कोंडलेल्या, सुरी लागली की अशा, आणि दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या. अगदी हेच आहे हो! कांद्याच्या पेशीत गंधकाचं संयुग एका कप्प्यात आणि त्यावर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात असतं, पेशी फुटली की दोन्ही भेटतात आणि शेवटी एक वायू तयार होतो, तो डोळ्याला झोंबतो. कित्येक वर्षं वाटत होतं की एकच विकर हे सगळं करतं, जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की शेवटच्या पायरीसाठी एक वेगळं विकर आहे, त्याबद्दल त्यांना २०१३ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. त्या आजींना विकर हा शब्द माहीत नव्हता आणि लागलाही नाही. चिरण्याआधी कांदा फ्रीजमध्ये ठेवला तर कमी झोंबतो, कारण थंडीत विकराचं काम मंदावतं, हे सांगितल्यावर तर किती जणींनी मान डोलावली.

द्राक्षाचाही एक आहे. "आंबा, केळी, चिकू, द्राक्ष, यातलं कोणतं फळ आढीत घालून उपयोग नाही?" द्राक्ष. बाकीची तीन तोडल्यावर पिकतात, द्राक्ष वेलीवरून खाली आलं की त्याची गोडी तिथेच थांबली. म्हणून तर ऑक्टोबरच्या छाटणीला आपल्याकडे गोडी छाटणी म्हणतात आणि मण्यात पाणी उतरल्यावर बागायतदार बागेतच ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजत फिरतो, नंतर मोजून काय करणार.

आणि नाशिककरांसाठी खगोलाचा एक प्रश्न तयारच आहे. सिंहस्थ बारा वर्षांनी का? गुरू सिंह राशीत यायला तेवढा वेळ लागतो म्हणून, हे बहुतेकांना येतं. पुढचा प्रश्न घ्या: "गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, बारा नाही. मग बारा बारा वर्षांनी मोजत राहिलो तर काय होईल?" कागद-पेन द्या. दर फेरीला ०.१४ वर्षाचा फरक, सात फेऱ्यांत जवळजवळ एक वर्ष. म्हणजे कधीतरी एक कुंभ अकरा वर्षांनीच घ्यावा लागणार. आणि तसं झालंय, हरिद्वारला २०१० नंतर थेट २०२१ ला कुंभ झाला. हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा आठवीच्या एका मुलाने गुणाकार करून उत्तर काढलं आणि शेजारचे भटजीकाका त्याच्याकडे बघतच राहिले, कारण पंचांगातून त्यांना हे माहीत होतं पण आकड्यातून कधी बघितलं नव्हतं.

भूगोल आणि निसर्ग यांना एकत्र घेतलंत तरी चालेल. गोदावरीवर "उगम कुठे" असं नाशिकमध्ये विचारणं म्हणजे वेळ घालवणं. त्याऐवजी, "त्र्यंबकहून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ करून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, असं का?" कारण उगम सह्याद्रीच्या माथ्याच्या पूर्व अंगाला आणि दख्खनचं पठार पूर्वेकडे उतरतं. ज्याने कसारा घाट उतरलाय त्याला हे पायाखाली माहिती असतं. दुसरा माझा आवडता, "इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठी एक गाव आहे, त्याचं नाव २०२० मध्ये निफाड तालुक्याला जोडलं गेलं, कसं?" गाव रामसर, तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांचा करार झाला, आणि नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि त्यावर पक्ष्यांचं राज्य उभं राहिलं. थंडीत पहाटे तिथे जाऊन आलेलं एक तरी घर प्रत्येक सोसायटीत असतंच, त्यांना बोलू द्या दोन मिनिटं, गुणांची घाई करू नका.

राज्याची मानचिन्हं विचारायला हरकत नाही, फक्त पक्षी विचारताना उत्तर हरियाल हे पक्कं ठेवा, लोक हमखास मोर किंवा धनेश म्हणतात. प्राणी शेकरू, फूल ताम्हण, आणि फुलपाखरू नीलवंत म्हणजेच राणी पाखरू, ते २०१५ मध्ये ठरलं. कळसूबाई मात्र जपून. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर, हे ठीक, पण "कोणत्या जिल्ह्यात" असं विचारलंत तर इगतपुरीचे आणि अकोले तालुक्याचे लोक भांडणार, कारण ते हद्दीवर आहे. साल्हेर विचारा, १५६७ मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला, बागलाण तालुका, १६७२ ची लढाई, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक.

शिळे होणारे प्रश्न शक्यतो टाळा. "सर्वात जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला" याचं उत्तर २०२३ च्या सुरुवातीला काही महिने गुरू होतं, मग परत शनी झालं, आणि आकडा तर सारखा बदलतो. एव्हरेस्टची उंची डिसेंबर २०२० पासून ८८४८.८६ मीटर धरतात, जुन्या पुस्तकात ८८४८ आहे, दोन्हीला गुण द्यायचे हे आधीच लिहून ठेवा. "सध्याचे अमुक पदाधिकारी कोण" हे प्रश्न क्विझच्या दिवशी सकाळी परत बघितल्याशिवाय विचारू नका. उलट कधीच शिळे न होणारे योगायोग जमवा. पहिली कसोटी, मेलबर्न, १८७७, ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली. बरोबर शंभर वर्षांनी १९७७ ला तिथेच शतकमहोत्सवी कसोटी झाली, ऑस्ट्रेलिया जिंकली, किती धावांनी? परत ४५च. हा प्रश्न क्रिकेटवेड्या आणि क्रिकेट न बघणाऱ्या दोघांनाही सारखाच आवडतो, कारण अंदाज बांधायची हिंमत लागते.

बझर राऊंड असेल तर प्रश्नाची रचना वेगळी करावी लागते, अवघड खूण आधी आणि सोपी शेवटी. उदाहरणार्थ: जन्म नाशिकचा, २८ मे १९२१, म्हणजे भगूरच्या सावरकरांच्याच तारखेला. वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. बैजू बावरा सिनेमातल्या जुगलबंदीत उस्ताद अमीर खांसाहेबांबरोबर त्यांचा आवाज आहे. वडिलांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कोण? दत्तात्रेय विष्णू पलुस्कर. जाणकार दुसऱ्या ओळीला बझर दाबतो, बाकीच्यांना शेवटपर्यंत आशा राहते. जमलं तर त्या जुगलबंदीचं अर्धा मिनिट वाजवा, आज गावत मन मेरो, आमच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात हे वाजलं तेव्हा उत्तर कुणी दिलंच नाही, सगळे डोळे मिटून ऐकत बसले आणि मी पण घाई केली नाही. धावपटू कविता राऊतचाही असा करता येईल, सावरपाड्यापासून सुरुवात करू नका, ते पहिल्याच शब्दाला ओळखतील. २०१० ची दिल्ली राष्ट्रकुल, दहा हजार मीटर, कांस्य, या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला, आणि सावरपाडा एक्सप्रेस हे टोपणनाव अगदी शेवटी.

चाळीस प्रश्नांत माझा हिशोब साधारण असा असतो, दहा असे की जवळजवळ सगळ्यांना येतील, वीस असे की टीमने मिळून डोकं लावलं तर येतील, आणि दहा असे की आलं तर टाळ्या. सोपे दहा सुरुवातीला संपवू नका, मध्ये मध्ये पेरा, सलग चार प्रश्न पास झाले की मांडव थंड पडतो, तेव्हा एक सोपा हातात हवाच. आणि प्रत्येक प्रश्न आदल्या दिवशी मोठ्याने वाचा. कागदावर छान दिसणारं वाक्य तोंडात अडखळतं, आणि स्पीकरवर दुसऱ्यांदा वाचायला लागलं की पोरं चुळबुळ करतात. मला एका दमात वाचता आला नाही तर मी तो तोडून दोन वाक्यांत करते.

उत्तरपत्रिकेत चालणारी सगळी रूपं लिहा. कुसुमाग्रज, वि. वा. शिरवाडकर, तात्यासाहेब, तिन्ही बरोबर. अहमदनगर म्हटलं आणि अहिल्यानगर म्हटलं, दोन्ही बरोबर. गुण लिहायला दोन माणसं बसवा, एक फळ्यावर आणि एक वहीत, दर राऊंडला जुळवून घ्या. आणि वाद झालाच तर तिथे मोबाईल काढून शोधत बसू नका, तो प्रश्न बाजूला ठेवून दुसरा द्या, दोन-तीन राखीव प्रश्न त्यासाठीच असतात.

शेवटी बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकू नका, पोरांना ते फार लागतं. अंदाजाचा प्रश्न ठेवा, दोन्ही टीमने पाटीवर आकडा लिहायचा, जो जवळचा तो जिंकला. साल्हेरची उंची किती मीटर हा चांगला चालतो, फक्त मग तो आकडा त्या संध्याकाळी आधी कुठे बोलून जाऊ नका, एवढं लक्षात ठेवा. पहिले पंधरा प्रश्न झाले की मला पाठवा, मी वाचून कुठे अडतंय ते सांगते.